फ्लॉपीतला हात

भात पोटरीला आलं की हिंजवडीशेजारच्या आमच्या माण गावात एक वास सुटतो. गोडसर, कोमट, दुधावानी. आता खाचरं चारदोनच राह्यलीत, बाकी समद्या काचंच्या इमारती. पर वास येतो. त्यो आला की मी वळखते, पितरपाट लागला. एका अंगानं ऊन चटके देतंय आन दुसऱ्या अंगानं डोंगरावरनं धुकं उतरतंय, असं ह्याच पंधरवड्यात हुतंय. कावळं सकाळधरनं पत्र्यावर येऊन बसत्यात. घराघरातनं आळूचा, आमसुलाचा, तळणीचा वास. आन आमच्या शेडातनं सुईचा आवाज.

यंदा त्यो आवाज शेवटचा. शेड पाडून तितं कंपनीतल्या पोरांना भाड्यानं द्यायला खोल्या काढायच्यात, आन आतली भरतकामाची मशीन भंगारात जायाची. मशीन गेली म्हंजी सुरेखाची फ्लॉपी वाचणारं ह्या मुलखात दुसरं काय बी उरणार न्हाई. सुरेखा माझी पयली सून. तिला जाऊन धा वर्सं झाली. तरी दरसाली अहेव नवमीला तिच्या नावानं सवाशिणीला जो खण देते, त्याच्यावरचं भरतकाम तीच करती. तिची फ्लॉपी करती, पर मला ते एकच वाटतंय. यंदा ते करावं का न करावं ह्यावरनं घरात बोलाचाली झाली. माझी आताची सून शोभा पोटुशी हाय, आन तिला त्या खणाचं भ्या वाटतंय.

नवरा जित्ता असताना जी बाई जाती तिची तिथ म्हंजी अहेव नवमी. त्या दिशी एक सवाशीण बोलवायची, पाय धुवायचे, गेलेलीच आलीया असं समजून जेवू घालायची, ओटी भरायची आन लावून द्यायची. एवढंच. त्यात रडायचं नसतं.

मला रडायची सवय बी न्हाई. मी दुसरी शिकलेली, अक्षरं वळखते, वाचाय गेलं तर दमते. धनी गेलं तवा पोरगं सात वर्साचं. मी लोकांची भातं लावली. एका पावसाळ्यात पायाची बोटं चिखल्यांनी सडली, तरी लावणी सोडली न्हाई. मंग कंपन्या आल्या, जमीन गेली, घरामागची पट्टी तेवढी राह्यली. तिच्यावर पत्र्याचं शेड घातलं आन एका शेठनं तितं जुनी मशीन आणून बसवली. मी तिच्याखाली धागं कापाय बसले. आपल्याच पट्टीवर मजूर. हात रिकामा नको म्हणून बसले.

ती मशीन बारा डोक्यांची. एका वळीत बारा सुया, खाली एकच लांब चौकट, तिच्यात ताणलेलं कापड. सुया जागच्या हालत न्हाईत, नुस्त्या वरखाली करत्यात. कापडच सरकत राहतं. पयल्यांदा बघितलं तवा मला वाटलं, बारा बाया माना घालून बसल्यात आन त्यांचं आंगच कुणीतरी उचलून नेलंय, सुया तेवढ्या राह्यल्यात. बगलंला एक फट. तिच्यात तळहाताएवढी काळी चपटी फ्लॉपी सरकवायची. आत जाताना खट्ट वाजायची, मंग कुणी झोपंत दात खावं तसा आवाज यायचा, आन मंग बाराच्या बारा सुया एकदम जाग्या व्हायच्या.

पावसात त्या फ्लॉप्यांना बुरशी यायची. मशीन चालवणारं रफीकभाई त्या श्रीखंडाच्या डब्यात ठेवायचे, खाली तांदळाची पुरचुंडी, वर फडकं. लोणच्यावानी. रफीकभाई उत्तरेकडचे, पर आमच्यातच म्हातारे झाले. मला मौसी म्हणत्यात.

सुरेखा धरणाच्या वरल्या अंगाच्या वाडीवरली. बारावी झालेली. शेडात आली, मशीन बघितली आन म्हणाली, "आत्या, हे डिझाईन कम्प्युटरात घालणारं कोण असतं?" पुण्यात असतंय म्हणलं. तर यष्टीनं पुण्याला जाऊन शिकून आली. शेठनं शेडात एक जुना कम्प्युटर ठेवला, त्याच्यावर ती बसायची. रस्त्यानं चालताना वळायच्या आधी ती पोरगी जरा थांबायची. कुटं बी. मोरीकडं वळताना बी. मी म्हणायची, "काय गं, रस्ता इचारून चालतीस का?" ती हसायची, पर थांबायची ते थांबायचीच.

एका दुपारी म्हणाली, "आत्या, हात द्या."

"कशाला गं?"

"द्या तर. खात न्हाई."

माझ्या डाव्या हातावर गोंदलेलं हाय. कोपराखाली तुळस, तिच्याखाली ठिपक्यांची वळ, आन मनगटापाशी इंचू. तिनं त्याच्यावर पातळ कागद ठेवला आन पेन्सिल फिरवाय लागली. गुदगुल्या हुत हुत्या.

"हालू नका. ह्या इंचवाचा एक पाय वाकडा कसा?"

"मी हात हिसकला हुता. नऊ वर्साची हुते. गोंदणारणीनं थोबाडीत दिली, पर पाय तसाच राह्यला."

"मंग वाकडाच घेते."

दोन दिवस ती कम्प्युटरवर खटखट करत बसली. तिसऱ्या दिशी फ्लॉपी माझ्या हातात दिली. कागदी चिठ्ठीवर तिनं निळ्या पेनानं 'आत्या' लिवलं हुतं. मी म्हणलं, माझा हात ह्याच्यात मावला व्हय? तर ती म्हणाली, "ह्यात चित्र न्हाई ठेवलेलं, आत्या. सुईनं कुटं जायाचं, किती लांब टाका टाकायचा, कुटं वळायचं, तेवढंच हाय. माझ्या हाताची चाल हाय ही." ते तवा मला नीट कळलं न्हाई. मंग कळलं.

गौरी गेल्या आन ती तापली. चार दिवसांत गेली. पोरबाळ न्हाई. लग्नातला एक फोटू, त्यात मुंडावळ्यांमागं तोंड दिसत न्हाई. साड्या तिच्या आईला दिल्या. तेरावं उरकून दुसऱ्या दिशी मी शेडात कामाला गेले. घरात बसून काय करणार?

पितरपाटच हुता. शेडात एक रीत हुती. पितरपाटात नवी डिझाईन चढवायची न्हाई. नवरात्राचं काम तर गळ्यापर्यंत आलेलं, मंग जुन्याच फ्लॉप्या फिरवायच्या. रफीकभाईंनी डब्यातनं हाताला लागली ती घातली. खट्ट वाजलं, दात खाल्ले, आन कापड सरकाय लागलं. मी खाली मान घालून कातरीनं धागं कापत हुते. तुळशीचं पयलं पान पडलं आन माझ्या डाव्या हाताला मुंग्या आल्या. वर बघितलं. पान संपलं की मशीन जरा दबकायची, आन मंग वळायची. पान संपलं, थांबली, वळली. पान संपलं, थांबली, वळली. बारा सुया, आन बाराच्या बारा सुरेखासारख्या थांबत हुत्या. मंग ठिपके. मंग बारा इंचू, बारांचा एक एक पाय वाकडा.

"रफीकभाई, बंद करा."

"क्या हुआ, मौसी?"

"काय न्हाई. चालू द्या."

त्या दिवसाच्या चुनऱ्या गाड्यांनी कुटं कुटं गेल्या. कोणच्या देवीच्या आंगावर माझा हात हाय, मला ठावं न्हाई.

त्या दसऱ्याला मी एक चूक केली. मशीनीची पूजा झाली, समद्यांनी सुयांना हळदकुंकू लावलं, मी लांब उभी. रांडव बाईनं कुंकवाला हात लावू नये, म्हणून धनी गेल्याधरनं वीस वर्सं लावला नव्हता. समदी जेवाय गेली. मी श्रीखंडाचा डबा उघडला, सुरेखाची फ्लॉपी काढली. हिला कोण लावणार, असं वाटलं. वर चिठ्ठीवर लावलं तर 'आत्या' पुसंल. मंग पत्र्याचं बारकं झाकण दिसलं, ते बोटानं सरकवलं, आत गुळगुळीत तपकिरी चकती हुती, तिच्यावर लावलं. चांगलं चिमूटभर. हळद बी, कुंकू बी.

रफीकभाईंनी चार दिसांनी ती घातली तर मशीन वरडली. कर्रर्र करून. त्यांनी फ्लॉपी काढली, झाकण सरकवलं आन कपाळावर हात मारला.

"मौसी, इसको माथा होता है क्या? कुंकू कहाँ लगाया!"

"मंग कुटं लावायचं हुतं?"

"मेरे को लगा देते!" हसले, पर लई हळू हातानं कापसानं पुसत बसले. जेवढं निघालं तेवढं काढलं. म्हणाले, "जहाँ पढ़ नहीं पाएगी, वहाँ छोड़ देगी. आगे का वहीं से शुरू करेगी." म्हंजी मधलं जे गेलं ते गेलं, आन पुढचं त्याच जागंवरनं चालू.

पुढच्या वर्साच्या अहेव नवमीला पयला खण काढला. अकरा सुया बंद केल्या. अकरा उभ्या, एकच चाललेली. ठिपक्यातलं दोन ठिपके आले न्हाईत. म्हणून इंचू जरा वर आला, तुळशीकडं. मी माझ्या हाताकडं बघितलं. हातावर ठिपके हुते. तेवढ्यानं बरं वाटलं.

जांब्याला सुरेखाची एक मैत्रीण दिलेली हाय, तिला सवाशीण म्हणून बोलवायचे. ती म्हणाली, "आत्या, ओटीत इंचू कशाला?" म्हणलं, तुझ्या मैत्रिणीला इचार. तिनं कपाळाला लावून घेतला. तिनं काय खण एकटीनं ठेवले न्हाईत, बहिणींना, जावांना वाटले. मंग कुटं कुणाच्या साखरपुड्याला जावं तर पंगतीत वाढणारीच्या दंडावर माझा हात. यष्टीत पुढच्या शिटावर बसलेलीच्या पाठीवर. ती बाई मान वळवायच्या आधी जरा थांबली की मी पुढं वाकून बघायची. वळली की भलतीच कुणीतरी.

दर पावसाळ्यात बुरशी धरायची, दर पितरपाटात फ्लॉपी थोडी कमी वाचली जायाची. ठिपके जात राह्यले. आन इंचू दरसाली एक पाऊल वर.

पोराचं दुसरं लग्न केलं. शोभा आली. रीतीपरमाणं तिच्या गळ्यात सवतीचा टाक बांधला, सुरेखाच्या नावाचा चांदीचा बारका तुकडा. तिनं कवाच कुरकुर केली न्हाई. सुरेखाच्या नावानं घास काढून मंग जेवायची. दरसाली त्या मैत्रिणीची ओटी बी शोभाच भरायची, माझ्यासारख्या रांडवीच्या हातानं ते चालत नव्हतं. दोनदा तिचं पोट वाया गेलं. तवा बी तिसऱ्या दिशी उठून भाकरी केल्या. मी बी काय बोलले न्हाई. बोलायला पायजे हुतं, आता वाटतंय.

यंदा तिला पाचवा लागला. पितरपाट लागायच्या आदल्या दिशी ती माझ्यापुढं येऊन बसली.

"आत्या, एक इचारू?"

"इचार की."

"त्यो इंचू दरसाली वर चढतोय. मीच ओटीत घालते, मला दिसतंय. मी आले त्या साली मनगटाजवळ हुता. आता तुळशीला भिडायला आला. कुटं चाललाय त्यो?"

"अगं, फ्लॉपी खराब हाय. रफीकभाईंनी सांगितलंय न्हवं."

"ते मला बी कळतंय. पर चाललाय कुटं?" तिचा हात पोटावर हुता. "तिला जाऊ द्या की, आत्या. तुमी दरसाली कामाला लावता तिला."

मला राग आला. म्हणलं, तुला तिचं काय सोसत न्हाई. पोरगं मधी पडलं. म्हणालं, पेन ड्राइव्हात घालून घेऊ, म्हंजी कायमची राहील, ह्या मशीनची गरजच न्हाई. घेऊन गेलं हिंजवडीला. तितल्या दुकानातली पोरं हसली, असलं घालायचं भोकच नसतंय म्हणाली आता. एकानं कुटनं तरी जुना डबा आणून जोडला. फ्लॉपी आत घातली. कम्प्युटरनं सांगितलं, ही कोरी हाय. त्यो पोरगा म्हणाला, "काका, ह्यात काहीच नाहीये. फॉरमॅट करू? म्हणजे नवीन होईल." माझ्या पोरानं त्याच्या हातातनं ती वढून घेतली. घरी आल्यावर त्याचं तोंड पांढरं झालेलं. "आई, त्या बाकीच्या मशिनींना ती दिसतच न्हाई," म्हणाला. "आपल्याच मशीनला दिसती."

हे ऐकून शोभा आत निघून गेली.

नवमीला सकाळी मी खण घेऊन शेडात गेले. हिरवा, रेशीमकाठी. शेठनं काम कवाच हलवलेलं, शेड मोकळं, डिझाइनीचे कागद जमिनीवर पडलेले. रफीकभाई मुद्दाम आले हुते. शोभा बी आली, दारात टेकून उभी राह्यली. मी तिला आत ये म्हणलं न्हाई आन जा बी म्हणलं न्हाई.

खट्ट वाजलं. ह्या टायमाला दात खायाचा आवाज लई येळ चालला. आम्ही तिघंबी त्या फटीकडं बघत उभी. मंग एक सुई हालली.

तुळस आली. पान संपलं, थांबली, वळली. समदी पानं आली, देठ आला. ठिपका एक बी आला न्हाई. कापड पुढं सरकलंच न्हाई. सुई तितंच, तुळशीतच, टाके घालाय लागली. पानावर पान चढावं तसा इंचू तुळशीत उतराय लागला. नांगी झाली, दोन पाय झाले. कुटलं पान आन कुटला पाय, ते कळंना. मंग मशीन वरडली आन सुई कापडात रुतून उभी राह्यली.

"वाकडा पाय आला न्हाई," मी म्हणलं.

"फिर से लगाऊँ, मौसी?" रफीकभाईंनी इचारलं. "दोबारा पढ़ेगी तो और घिसेगी. मगर शायद पूरा निकले."

मी शोभाकडं बघितलं. तिच्या कपाळावर घाम हुता आन हात पोटावर न्हाई, दाराच्या चौकटीवर हुता, बोटं पांढरी होस्तवर धरलेली. धा वर्सं मी सुरेखाचा हात बघत हुते. ह्या पोरीचा हात कवा बघितलाच नव्हता. भाकरीनं पोळलेला, करंगळीला जुनी जखम.

"नको," मी म्हणलं. "दमली असंल."

रफीकभाईंनी फ्लॉपी काढायला बटन दाबलं. ती येईना. पक्कड घेतो म्हणाले. मी म्हणलं, राहू द्या आतच. त्यांनी सुई वर घेतली, खण सोडवला आन मशीनचा खटका खाली केला. शेडात कावळ्याचं नख पत्र्यावर वाजलं ते बी ऐकू आलं.

आता सवाशीण कोण? जांब्याच्या मैत्रिणीचा नवरा उन्हाळ्यात गेला, ती बसत न्हाई. शेजारणीला सांगावा धाडते म्हणलं.

"मी बसते," शोभा म्हणाली.

"पोटुशी बाई बसत न्हाई गं. लोकं काय म्हणतील?"

"लोकांच्या पोटात न्हाई, माझ्या पोटात हाय. मीच बसते."

"आन ओटी कोण भरणार? घरात दुसरी सवाशीण हाय का?"

"तुमी भरा."

बसली. पाटावर, उगवतीकडं तोंड करून. मी तिचे पाय धुतले. कुंकवाच्या करंड्यात बोट घातलं आन तिच्या कपाळाला लावलं. खीर, वडे, आळू, कढी, गवार, समदं वाढलं. ती खाली मान घालून जेवली, सावकाश. शोभा भराभरा जेवती. त्या दिशी घास उचलायच्या आधी जरा थांबत हुती. मी बघितलं. दमल्यानं असंल.

ओटीत तांदूळ घातलं, नारळ घातला, खण घातला. अर्धा इंचू वर दिसत हुता, त्यो घडीत घातला. म्हणलं, "पोट भरलं का, बाई?"

"भरलं," ती म्हणाली.

उठली. सवाशिणीनं ओटी घेऊन उंबऱ्याबाहेर जायाचं असतं. पर हिचं घर हेच, ही जाणार कुटं? मला तवाच सुचलं ते. ती पुढच्या दाराला गेली, उंबऱ्यात उभी राह्यली. निघताना बाई 'येते' म्हणती. ती म्हणाली, "जाते, आत्या."

पदरात ओटी धरून, पायऱ्या उतरून, शेडाच्या बाजूला चालाय लागली. कोपऱ्यावर पोचली. वळायच्या आधी थांबली का न्हाई, ते मी बघितलं न्हाई. मी मान फिरवली. उष्टं ताट उचललं, जागा सारवली. कावळ्याला ठेवलेलं पान मोकळं झालं हुतं. ऊन गेलं, डोंगरावरनं धुकं खाली आलं, खाचरांचा वास आला. मी तितंच बसून राह्यले.

लई येळानं मागचं दार वाजलं. शोभा आत आली. पाय धुतलेले, पदर खोचलेला. ओटी मोकळी. गळ्यातला टाक तेवढा हुता.

"आत्या, तुमी अजून जेवला न्हाईत," ती म्हणाली. "ताट करू का?"

खण कुटं ठेवला, ते तिनं सांगितलं न्हाई. मी इचारलं न्हाई.

"कर," म्हणलं. "तू बी बस जवळ. बसून वाढ, उभं राहू नको."